एकाच चालीवरचे संसार

आमच्या घरात इंग्रजी गाणं आलं ते चाचांच्या बॅगेतून. चाचा जहाजावर होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात तेव्हा घरटी एक माणूस जहाजावर, नाहीतर आखातात असे. सुट्टीवर येणारे घड्याळं आणत, अत्तर आणत. चाचांनी एका वर्षी टेपरेकॉर्डर आणला आणि त्याच्यासोबत जिम रीव्हज नावाच्या अमेरिकन गायकाच्या दोन कॅसेट. जहाजावरच्या एका गोवेकर भटाऱ्याने त्या दिल्या होत्या. दादी घरात असली की कॅसेट बंद. संगीत हलाल की हराम, हा वाद आमच्याकडेही होता आणि अजून मिटलेला नाही. तो इथे काढत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

रीव्हज १९६४ साली विमान अपघातात वारला. तरी गोव्यात, केरळात, ईशान्येकडे आणि अँग्लो-इंडियन घरांत त्याचा आवाज पुढे कितीतरी वर्षं वाजत राहिला. आवाज मऊ, इंग्रजी सावकाश, त्यामुळे शाळेत इंग्रजीत गटांगळ्या खाणाऱ्या मलाही शब्द लागायचे. त्याचं 'हील हॅव टू गो' चाचांचं आवडतं. एक माणूस दारूच्या गुत्त्यातून आपल्या बाईला फोन करतो. तिच्याजवळ दुसरा कुणी बसलाय हे त्याला माहीत आहे. त्याला जायला सांग, एवढंच त्याचं म्हणणं. नऊ-नऊ महिने घराबाहेर राहणाऱ्या चाचांना हे गाणं का लागायचं, हे समजायला मला पन्नाशी जवळ यावी लागली.

दोन वर्षांपूर्वी माझी मोठी बहीण सात वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली. तिला आम्ही आपा म्हणतो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. काय झालं, कसं झालं, ते तिचं आहे, इथे मांडणार नाही. पहिले काही महिने घरात येणारा प्रत्येक माणूस तिला सब्र शिकवून जायचा. मी शिक्षक, म्हणजे शिकवायची खोड मलाही. पण मला काही सुचेना, म्हणून एका रात्री मोबाइलवर चाचांचं ते जुनं गाणं लावलं. आपा म्हणाली, "हे अजून आहे?" तिथून सुरुवात झाली. ती ऐकायची, मी अर्थ सांगायचो, आणि अर्थ सांगायचा म्हणून ही गाणी कुणी, कधी, कशामुळे म्हटली ते वाचत गेलो.

उर्दू शिकवताना वीस वर्षं गझल माझ्या हातात आहे. गझलेत विरह आहे, बेवफाई आहे, रकीब आहे. पण लग्न फारसं नाही. गझलेतल्या आशिकाला घरभाडं द्यायचं नसतं. त्याच्या माशूकेला मुलाचा डबा भरायचा नसतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गोऱ्या, गरीब, चर्चला जाणाऱ्या माणसांचं हे कंट्री संगीत मात्र नेमकं तिथे उभं राहतं. प्रेम जमल्यावर पुढे जे सुरू होतं, तिथे. त्यात स्वयंपाकघर आहे, गहाण टाकलेली अंगठी आहे, दारू पिऊन उशिरा आलेला नवरा आहे.

ही गोष्ट साधारण १९२७च्या ऑगस्टपासून सांगता येते. व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीअर ब्रिस्टल गावात यंत्रं घेऊन बसला होता. हे गाव अर्धं टेनेसी राज्यात, अर्धं व्हर्जिनियात, मधल्या रस्त्यावरून हद्द जाते. डोंगरातल्या गायकांसाठी त्याने वर्तमानपत्रातून बोलावणं धाडलं होतं. व्हर्जिनियाच्या मेसेस स्प्रिंग्ज या वस्तीतून तिघं आली. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा, आणि त्याच्या भावाची बायको मेबेल. मेबेल ही साराची चुलतबहीणही होती, आणि त्या वेळी गरोदर होती. दोन दिवसांत त्यांनी सहा गाणी म्हटली. कार्टर फॅमिली हे नाव तिथून झालं. साराचा आवाज खोल, जवळजवळ पुरुषी, आणि गाताना चेहऱ्यावर काही नाही.

रेकॉर्ड खपू लागल्या तशी नवीन गाणी हवी झाली. ए. पी. आठवडेच्या आठवडे डोंगरात फिरायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गाणी गोळा करायचा. त्याच्या बरोबर लेस्ली रिडल नावाचा एक काळा गिटारवादक असे. सिमेंट कारखान्यातल्या अपघातात त्याने एक पाय गमावला होता. ए. पी. शब्द लिहून घ्यायचा, चाल रिडल डोक्यात ठेवायचा. 'गोऱ्यांचं संगीत' म्हणून जे विकलं गेलं, त्यात हा माणूस होता. रेकॉर्डवर त्याचं नाव आलं नाही. ते स्वतंत्र लिहायला हवं.

घर, मुलं, शेत या काळात साराकडे. नवरा बाहेर असताना तिला इकडेतिकडे न्यायला गाडी चालवणारा होता नवऱ्याचाच चुलतभाऊ, कोय बेझ. पुढे काय झालं ते सांगायला नको. नात्यात बभ्रा झाला. कोयच्या घरच्यांनी बाडबिस्तरा गुंडाळून त्याला कॅलिफोर्नियाला नेलं. १९३३ साली सारा नवऱ्याचं घर सोडून माहेरच्या दरीत गेली. १९३६ साली घटस्फोट झाला.

आणि तरीही तिघं गात राहिली. हे सांगितलं तेव्हा आपाने मला पुन्हा विचारलं, "एकत्र? एका माईकवर?" हो. मंदीचे दिवस होते आणि पैसा गाण्यातच होता. १९३८ साली त्यांना मेक्सिकोच्या हद्दीतल्या एक्सईआरए या रेडिओ केंद्रावर काम मिळालं. केंद्राचा मालक डॉक्टर ब्रिंकली म्हणजे एक वल्ली. पुरुषांच्या अंगात बोकडाच्या ग्रंथी बसवून तारुण्य परत देतो असं सांगून त्याने लाखो डॉलर कमावले होते. अमेरिकेत रेडिओ केंद्राला ५० हजार वॉटची मर्यादा, म्हणून त्याने नदीपलीकडे ५ लाख वॉटचं केंद्र उभारलं. त्यामुळे तिथे गायलेलं गाणं देशाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं.

१९३९च्या सुरुवातीला साराने त्या माईकवरून एक गाणं कॅलिफोर्नियातल्या कोय बेझला उद्देशून म्हटलं. गाणं होतं 'आयम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज', त्यांनीच १९२९ साली रेकॉर्ड केलेलं. दूर गेलेल्या माणसाची आठवण, एवढाच विषय. कोयने ते रेडिओवर ऐकलं आणि तो टेक्सासला निघाला. त्याच फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं.

मला वाटलं होतं, आपाला ही गोष्ट आवडेल. एक बाई बाहेर पडली, पुन्हा उभी राहिली. तिने मात्र वेगळंच विचारलं. "आणि तो? तो काय करत होता तेव्हा? तिथेच उभा होता?" ए. पी. त्याच कार्यक्रमात होता. त्यानंतरही १९४३पर्यंत तो सारासोबत गायला. मग गावी परतून त्याने किराणा दुकान टाकलं आणि १९६० साली गेला. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. साराने १९७९ साली कॅलिफोर्नियात डोळे मिटले, पण तिला पुरलं मेसेस स्प्रिंग्जला, ए. पी. आहे त्याच कब्रस्तानात. आपा त्या रात्री फार बोलली नाही.

साराचं लग्न लागलं त्याच्या पुढच्या महिन्यात, मार्च १९३९मध्ये, आपल्याकडे मुस्लिम विवाहविच्छेद कायदा अमलात आला. काझी मोहम्मद अहमद काझमींनी मांडलेलं हे विधेयक. त्याच्या मागे मौलाना अशरफ अली थानवींनी केलेली फिकहची मोठी खटपट होती. नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नसेल, दोन वर्षं खर्च देत नसेल, क्रूरपणे वागवत असेल, तर बाईला कोर्टात जाऊन निकाह संपवता येईल, असं त्यात लिहिलं गेलं. मी हे दोन्ही शेजारी ठेवतो ते योगायोगाच्या गंमतीसाठी नाही. आपली बाई आणि त्यांची बाई यांच्यात फार मोठी दरी आहे असं समजणारे दोन्हीकडे आहेत. व्हर्जिनियातल्या त्या खोऱ्यातही घटस्फोट ही खाली मान घालण्याचीच गोष्ट होती.

आता साराच्या चालीकडे येतो. ती चाल तिच्यापुरती राहिली नाही. १९३६ साली रॉय एकफने तिच्यावर एक धार्मिक गीत म्हटलं. १९५२ साली हँक थॉम्पसनने त्याच चालीवर 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' म्हटलं. त्यात बायको सोडून गेलेल्या नवऱ्याची तक्रार आहे. गुत्त्यातल्या झगमगाटाला भुललेल्या अशा बायका देवाने बनवल्याच कशाला, असा एकूण सूर. पंधरा आठवडे ते गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. इतके आठवडे एका देशातल्या पुरुषांनी माना डोलावल्या.

त्याच वर्षी, त्याच चालीत, उत्तर आलं. किटी वेल्स नावाची तिशी ओलांडलेली, तीन मुलांची आई. गाण्यातून काही होत नाही म्हणून ती घरी बसायच्या बेतात होती. मे महिन्यात तिने 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स' रेकॉर्ड केलं. त्यामागे ध्येयवाद वगैरे नव्हता, रेकॉर्डिंगचे १२५ डॉलर मिळत होते. गाणं लिहिलं होतं जे. डी. मिलर या पुरुषाने. म्हणणं साधं आहे. अशा बायकांचा दोष देवावर टाकू नका, लग्न झालेलं असून अविवाहित असल्यासारखे वागणारे पुरुष बघा. एनबीसी रेडिओने गाणं वाजवायला नकार दिला. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या सगळ्यांत मोठ्या कार्यक्रमातही सुरुवातीला त्याला मज्जाव होता. तरी ते पहिल्या क्रमांकावर गेलं. बिलबोर्डच्या कंट्री यादीत एकट्या बाईचं गाणं तिथे पोचण्याची ती पहिली वेळ.

तमाशातला सवाल-जवाब ठाऊक असलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. जवाब नव्या चालीत दिला असता तर ते निराळं गाणं झालं असतं. त्याच चालीत दिल्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानात नवऱ्याची तक्रार आधीच वाजत असते आणि तिच्यावर बायकोचं म्हणणं येऊन बसतं. जिम रीव्हजच्या फोनच्या गाण्यालाही १९६० साली जीन ब्लॅकने असंच उत्तर दिलं होतं, 'हील हॅव टू स्टे' म्हणून. हे मी घरी सांगत होतो तेव्हा चाची तांदूळ निवडत होती. चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती मान वर न करता म्हणाली, "तो फोनवर काय म्हणाला ते सगळ्यांना पाठ. इकडून कोण बोलत होतं, ते कधी कोणी विचारलंन?"

किटी वेल्सचा स्वतःचा संसार मात्र चौऱ्याहत्तर वर्षं टिकला, नवरा वारेपर्यंत. टॅमी वायनेटचं नेमकं उलटं. १९६८ साली तिची दोन गाणी आली. 'स्टँड बाय युअर मॅन' तिने निर्माता बिली शेरिलबरोबर घाईघाईत लिहिलं. नवऱ्याच्या पाठीशी उभी राहा, चुकला तरी माफ कर. आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांनी ते ऐकलं असतं तर त्यांना फार पटलं असतं. अमेरिकेतल्या स्त्रीवाद्यांनी तेव्हाच त्यावर झोड उठवली. टॅमीची एकूण पाच लग्नं झाली, आणि गाणं म्हटलं तेव्हा पहिलं मोडलेलं होतं. मला तो दुटप्पीपणा वाटत नाही. जे आपल्याला जमलं नाही ते माणूस जास्त जोरात गातो. पण घरात मार खाणाऱ्या बाईने हे गाणं नसीहत म्हणून ऐकू नये, एवढं मला स्पष्ट म्हणायचं आहे.

दुसरं गाणं 'डी-आय-व्ही-ओ-आर-सी-ई'. चार वर्षांच्या मुलाला कळू नये म्हणून आई घटस्फोट हा शब्द अक्षरं सुटी करून म्हणते. बॉबी ब्रॅडक आणि कर्ली पटमन या दोन पुरुषांनी लिहिलेलं. त्या वेळी घटस्फोटासाठी कोर्टात एकाचा दोष सिद्ध करावा लागे. दोष न दाखवता घटस्फोट देणारा पहिला कायदा कॅलिफोर्नियात १९७० साली लागू झाला. म्हणजे घराघरात हा शब्द दबक्या आवाजात चालू असतानाच ते गाणं रेडिओवर आलं होतं.

हे गाणं मी आपाला समजावून सांगितलं आणि ती एकदम उठून आत गेली. आम्हीही तेच करत होतो. भाचा खोलीत आला की सगळे इंग्रजीत शिरायचे, "पेपर्स", "सेपरेशन", "लॉयर". पोरगं इंग्रजी शाळेत जात होतं. वर्गात तीस-चाळीस मुलं रोज समोर बसवणाऱ्या मला तरी कळायला हवं होतं की मुलांना आधी नेमके तेच शब्द येतात जे आपण लपवतो. दुसऱ्या दिवशी आपाने त्याला जवळ घेऊन साध्या भाषेत सांगितलं की अब्बा आणि अम्मी आता एका घरात राहणार नाहीत. तो म्हणाला, "मला माहितीये." किती दिवसांपासून, ते तिने विचारलं नाही.

टॅमीने १९६९ साली जॉर्ज जोन्सशी लग्न केलं. आवाजाने राजा, दारूने बरबाद. १९७५ साली तेही मोडलं. पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून 'गोल्डन रिंग' हे गाणं दिलं. एक अंगठी गहाणवटीच्या दुकानातून विकत घेतली जाते, लग्नात बोटात जाते, भांडणात निघते, पुन्हा त्याच दुकानात येते. गाणारे दोघं घटस्फोटित नवरा-बायको, आणि हे ऐकणाऱ्याला ठाऊक. तेही पहिल्या क्रमांकावर गेलं. आपाने खुला घेताना मेहर परत केला, त्यात दोन बांगड्या होत्या. हे गाणं मी तिला एकदाच ऐकवलं.

लोरेटा लिनवर लिहायचं तर वेगळा लेख लागेल. केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न, सहा मुलं. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला तिने १९६६ साली गाण्यातूनच घरात यायची बंदी केली. घटस्फोटित बाईकडे समाज कसा बघतो त्यावर 'रेटेड एक्स' म्हटलं. १९७५ साली गर्भनिरोधक गोळीवर गायली तेव्हा कितीतरी केंद्रांनी रेकॉर्ड वाजवायचं नाकारलं. नवऱ्याला मात्र तिने सोडलं नाही. १९९६ साली तो वारेपर्यंत ती त्याच्याबरोबर होती. आपाला ती पटली नाही. "एवढं सगळं बोलून राहिलीच ना," म्हणाली. मी वाद घातला नाही.

मित्राला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, दुःखी माणसाला दुःखी गाणी ऐकवतोस, शिक्षक ना तू? त्याच्या बाजूनेही एक पुरावा आहे. १९९२ साली स्टीव्हन स्टॅक आणि जिम गुंडलाख या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ४९ महानगरांची आकडेवारी तपासली. जिथे रेडिओवर कंट्री जास्त वाजतं, तिथे गोऱ्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण जास्त, असं त्यांनी मांडलं. खूप चर्चा झाली, टिंगलही झाली. दोन वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी तीच तपासणी पुन्हा केली तेव्हा त्यांना तो संबंध सापडला नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की माणूस एकटा बसून ऐकतो की कुणाशेजारी बसून, हे आकडेवारीत येत नाही. आपाबरोबर मी होतो, तांदूळ निवडणारी चाची होती. आणि ज्या रात्री ती नको म्हणाली, त्या रात्री काही लावलं नाही.

शेवटी आलो विली नेल्सनच्या 'फेझेस अँड स्टेजेस' या १९७४च्या रेकॉर्डवर. एकाच घटस्फोटाची गोष्ट. रेकॉर्डची पहिली बाजू बायकोची, दुसरी नवऱ्याची. बायको भांडी घासताना दिसते, मग घर सोडते, आईकडे येते. आई तिला दिवसभर झोपू देते तो तपशील आपाला इतका पटला की तिने तेवढं दोनदा लावायला लावलं. परत आलेली मुलगी पहिले दिवस उशिरापर्यंत झोपून राहते, कुणी उठवत नाही. मोबाइलवर रेकॉर्डच्या बाजू नसतात, गाणी ओळीने वाजत जातात. बाईची गाणी संपली आणि विमानातल्या, सकाळीच दारू मागवणाऱ्या नवऱ्याचं गाणं सुरू झालं. आपा म्हणाली, "हे नको." मी बंद केलं.

पुढे चार-पाच महिने गेले. खुलानामा होऊन गेला होता. मुलगा रविवारी बापाकडे जाऊ लागला होता. असाच एक रविवार, संध्याकाळ, पोरगं अजून परतायचं होतं. मी वह्या तपासत बसलो होतो. आपा दारात येऊन उभी राहिली.

"ते त्याचं काय होतं रे? दुसऱ्या बाजूचं. लाव."